आईनं सोडलेलं गाव

नाताळची सुटी लागली की आमच्या घरात एकच प्रश्न असायचा, बऱ्हाणपूरला कोणत्या दिवशी निघायचं. कुठं जायचं हा प्रश्न कधी नव्हताच. शाळेतल्या मैत्रिणी अजिंठ्याला जायच्या, शिर्डीला जायच्या. एकीचा मामा तिला मुंबईला घेऊन गेला, तर ती पुढे वर्षभर आम्हाला समुद्र ऐकवत राहिली. आमचं आपलं दरवर्षी तेच. रावेरच्या पुढं, महाराष्ट्र संपत येतो तिथं आमचं गाव. आमचा जिल्हा जळगाव, पण ते आम्हाला लांब, आणि परराज्यातलं बऱ्हाणपूर हाकेवर. अंतर बघितलं तर त्याला सहल म्हणणंसुद्धा जरा अतीच होतं. पण भाऊंना ते शहर आवडायचं, आणि भाऊंना आवडायचं म्हटल्यावर विषय संपला.

भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे बऱ्याच घरांत बापाला भाऊच म्हणतात. त्यांचा सगळा जन्म केळीच्या बागेत गेला. शिक्षण जेमतेम मॅट्रिक, पण बऱ्हाणपूरबद्दल बोलायला लागले की शेजारी उभ्या असलेल्या गाइडनं मुकाट्यानं निघून जावं. त्यातलं किती खरं आणि किती घरी तयार केलेलं, हे विचारायची आमची टाप नव्हती.

खरं तर हिवाळ्यात केळीची बाग सोडून जाणं हा शुद्ध वेडेपणा. थंडी फार उतरली की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, घड निसवायचा, म्हणजे बाहेर यायचा थांबतो. मग बांधावर ओला पाला पेटवून रात्रभर धूर करायचा, पाणी द्यायचं. सहलीच्या दोन दिवसांपुरतं हे सगळं काकांच्या गळ्यात टाकून भाऊ निघायचे. आई दरवर्षी म्हणायची, "तान्हं पोर निजवून बजाराले निघाल्यासारखं करता तुम्ही." आणि दरवर्षी पहाटे उठून भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा डबा बांधायची. पॅसेंजरमध्ये बसलो की सर्वांत आधी डबा उघडायला तीच सांगायची.

स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे. टांग्यात पुढं भाऊ, मागं आई, अक्का आणि मी. अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. गावात मान खाली घालून चालणारी माझी बहीण त्या स्टेशनवर उतरली की सगळ्यांच्या पुढं चालायला लागायची. बांगडीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची. तिची हिंदी म्हणजे आमच्या बोलीला 'है' जोडलेलं. "इतना कायको सांगता है? हम क्या पहली बार आयी है?" बांगडीवाला हसायचा आणि भाव कमी करायचा. मला वाटायचं, हिला हिंदी येते. मोठी झाल्यावर कळलं की तिला हिंदी येत नव्हती, तिला ते शहर येत होतं.

आधी किल्ला. किल्ल्यातल्या हमामखान्याचं रंगवलेलं छत भाऊ आम्हाला मान दुखेपर्यंत बघायला लावायचे. मग जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, तो कुंडी भंडारा. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी मोगलांच्या काळापासून तसंच वाहतंय, ना मोटर ना लाइट. आमच्या भागात दरवर्षी बोअर खोल खोल जात होते, त्यामुळं भाऊ तिथं गेले की देवळात उभं राहावं तसे उभे राहायचे. आणि शेवटी तापीचा घाट. तिथं बसून मावा जिलेबी खायची आणि भाऊंनी बेगमेची गोष्ट सांगायची, हा नियम.

ताजमहालात जी निजली आहे ती बेगम बऱ्हाणपूरला गेली. बाळंतपणात. बादशहानं तिला आधी नदीपलीकडच्या बागेत पुरलं आणि सहा महिन्यांनी तिथून काढून आग्र्याला नेलं. "म्हंजे ताजमहाल इथीच व्हयाचा व्हता," भाऊ पलीकडच्या काठाकडे बोट करून म्हणायचे, "आपल्या हातचा गेला." ठरत आलेली सोयरीक मोडल्यावर माणूस हळहळतो तसे हळहळायचे. त्यावर आईचं ठरलेलं वाक्य असायचं. "चौदावं बाळंतपण म्हने. त्या बादशाले कोनीच काही बोललं नाही का?" यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती अक्का.

आम्ही ती गोष्ट किती वर्षं जिलेबी खात खात ऐकली. आता आठवलं की स्वतःचाच नाही, सगळ्या जगाचा राग येतो.

अक्काचं लग्न शिरपूरला झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात आली. भाद्रपदात एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या आणि काहीतरी बिनसतंय हे सुईणीच्या तोंडावरून दिसायला लागलं. जळगाव लांब. भाऊंनी जीप मिळवली आणि जवळचं मोठं गाव म्हणून बऱ्हाणपूर गाठलं. मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती, पण अक्काचं रक्त थांबलं नाही. दुपारच्या आत ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं असं भाऊ सांगतात, आणि भाऊ कुणाची भीड ठेवून बोलणारे नाहीत.

मी तेव्हा जळगावला कॉलेजात होते. मी घरी पोचले तेव्हा अक्काला अंगणात ठेवलेलं होतं आणि आतल्या खोलीत काकूच्या मांडीवर एक गाठोडं रडत होतं. आई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. 

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी सोडायची रीत आहे. जवळचं माणूस आवडीची एखादी वस्तू सोडतं. कुणी वांगं सोडतं, कुणी सीताफळ. तेराव्याला बायका बसल्या होत्या, तेव्हा एका म्हाताऱ्या आत्यानं आईला विचारलं, "पोरीच्या नावानं काय सोडते वं तू?"

"बऱ्हाणपूर सोडलं," आई म्हणाली.

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. आत्या म्हणाली, "गाव कोनी सोडतं का व माय? काही खायचं सोड."

"मी सोडलं," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

एकदा सोडलेलं मरेपर्यंत धरायचं नसतं. आईनं ते असं पाळलं की काशीला जाऊन आलेल्यांनी मान खाली घालावी. तिकडचा व्यापारी केळी बघायला आला की ती चहा पाठवून द्यायची, स्वतः ओसरीवर यायची नाही. त्या गावाचा कपडा घरात नको, मिठाई नको, नाव नको. भाऊंनी एकदाही वाद घातला नाही. नाताळच्या सुटीत पुढं आम्ही उनपदेवला गेलो, पाटणादेवीला गेलो, पद्मालयाला गेलो. सगळी ठिकाणं चांगली होती. भाऊ प्रत्येक ठिकाणी फोटोतल्यासारखे उभे राहायचे आणि गोष्ट एकही सांगायचे नाहीत.

जावयानं वर्षभरानं दुसरं लग्न केलं. रीतसर येऊन विचारलं आणि भाऊंनीच होकार दिला. पोर आमच्याकडे राहिली. दिवाळीत दोन दिवस शिरपूरला जाऊन यायची, बाकी वर्षभर आईच्या पदराला. आईनं तिला कसं वाढवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या दोघींच्या वाट्याला आली नाही एवढी माया तिच्या वाट्याला आली. थंडीत तिचे कपडे आधी स्वतःच्या पोटाशी धरून गरम करायची आणि मग तिला घालायची. ताप आला तर रात्र रात्र उशाशी. मी गमतीनं म्हणायचे, आई, थोडं आमच्यासाठी पण ठेवायचं होतंस. आईला अशी गंमत चालायची नाही.

पोर हट्टी निघाली. हट्टी म्हणजे खांद्यावरून खाली ठेवलेली पिशवी उचल म्हटलं तर पिशवीवर बसणारी. याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे म्हणतात, बाळाला पहिलं मधाचं बोट जी लावते, तिच्या वळणावर मूल जातं. त्यामुळं बाळंतपणाआधी महिनाभर घरात बोट कुणाचं यावर निवडणूक चालते. अक्काच्या वेळी आईचं ठरलं होतं. त्यामुळं पोरीनं काही आगळीक केली की काकू म्हणायची, "आजीचं बोट चाटलं तिनं, आणखी काय होनार?" आई त्यावर कधी काही बोलायची नाही. पोर मात्र खूश व्हायची.

एकदा खांडव्याला लग्न होतं. पोर तेव्हा पहिलीत असेल. रेल्वेनं निघालो. बऱ्हाणपूर जवळ आलं तशी आईनं खिडकीची पत्र्याची झडप खाली ओढली. डबा अर्धा अंधारला. गाडी थांबली, बाहेर चहावाले ओरडत होते, आणि आई झडपेवर हात दाबून बसली होती.

"आजी, कोणतं गाव आहे?" पोरीनं विचारलं.

"कोनतंच नाही," आई म्हणाली.

पोरीला अक्षरं जुळवता यायला लागली होती. ती उठून दरवाजाकडच्या खिडकीशी गेली, फलाटावरची पाटी मोठ्यानं वाचली आणि परत येऊन बसली. तिला आपण कुठं जन्मलो ते माहीत होतं, घरात कुणी लपवलं नव्हतं. पण ती काही बोलली नाही. सहा वर्षांच्या मुलीनं एवढं शहाणं असू नये, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तिचा वाढदिवस तारखेनं व्हायचा आणि अक्काचं श्राद्ध तिथीनं. दोन्ही एका दिवशी क्वचितच पडायचं, कॅलेंडरनं आमच्यावर तेवढी दया केली होती. पण वाढदिवसाला सकाळी तिला ओवाळून झालं की आई दिवसभर जेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, पोट बरं नाही. पोरीनं इतकी वर्षं ते पोटदुखीचं कारण ऐकून घेतलं. नववीत गेल्यावर मात्र तिनं ऐकून घ्यायचं बंद केलं.

दिवाळीत मी माहेरी होते. सगळे जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, "मला बऱ्हाणपूर बघायचंय."

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काय हाये तिथी?"

"मी जन्मले तिथं."

"जन्मली तं जन्मली. मानूस कुठी ना कुठी जन्मतंच."

"आई पण तिथंच गेली. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय ते गाव. तुम्ही तिथं जिलेब्या खाल्ल्यात, फोटो काढलेत. आईचा टांग्यातला फोटो आहे. मी एकटीनंच काही बघितलं नाही."

"मी मेल्यावर जा," आई म्हणाली.

पोर ताटावरून उठली. पुढचे दोन दिवस त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि त्या घरात त्या दोघी बोलल्या नाहीत तर बोलायला उरतं कोण? भाऊ आणि रेडिओ.

मी धुळ्याला परत आले. माझं सासर धुळ्याचं. आठ दिवसांनी पोरीचा फोन आला. "मावशी, तू नेशील का मला?" मी हो म्हणून मोकळी झाले. विचार करून बोलायची सवय मला नाही, आणि त्या वेळी असती तरी मी होच म्हटलं असतं. मला आईचा राग आला होता. दुःख तिचं एकटीचं आहे का? माझी बहीण गेली होती. भाऊंची मुलगी गेली होती, त्या पोरीची तर आईच गेली होती. पण आईनं ते दुःख स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं आणि वर कुंपण घातलं होतं. मी फोनवर आईला हे सगळं ऐकवलं. "तू सोडलंस ते तुझं. पोरीनं काय सोडलं होतं? तिच्यावर कशाला लादतेस?"

 मग आई म्हणाली, "तुले नाही समजत." आणि फोन ठेवला.

माझ्या सासूबाई पिंपळनेरकडच्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या अहिराणीत म्हणाल्या, "तुनी माय बठ्ठं मनमा ठेवस. एक दिन फुटी." मला वाटलं, मनात ठेवायचं आणि फुटायचं काय राहिलंय आता.

नाताळच्या सुटीत मी निघाले. जळगावला गाडी बदलताना स्टँडवर मेहरूणची बोरं घेतली, आईला आवडतात म्हणून. भांडण असलं तरी बोरं घ्यायचीच. संध्याकाळी पोचले तर आईनं बोरं धुतली, पोरीपुढं ठेवली आणि स्वतः एकही खाल्लं नाही. थंडी जबर उतरली होती. भाऊंनी काकांना बागेत धुराचं सांगून ठेवलं होतं. म्हणजे भाऊ येणार होते. आईबद्दल कुणी काही विचारलं नाही.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात भरताचा वास. डबा बांधलेला होता आणि तो तिघांचा वाटत नव्हता. आई आंघोळ करून, धुवट पातळ नेसून चुलीपुढं बसली होती. पाण्याचा मोठा कॅनही भरलेला होता.

"तू येतेस?" मी विचारलं.

"त्या गावानं माही एक ठेवून घेतली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हिले मी एकटी नाही पाठवत."

भाऊ आणि मी बरोबर असताना ती एकटी कशी, हे मी विचारलं नाही. इतकी अक्कल मलाही आहे.

गाडीत पोर आईच्या शेजारी बसली. स्टेशन आलं, आई उतरली. तिनं पायरीवरून फलाटावर पाय ठेवला तेव्हा भाऊंनी तिचा दंड धरला होता. एरवी चारचौघांत भाऊ आईच्या अंगाला हात लावणारे नव्हेत. टांगे गेले होते, बाहेर बॅटरीवरच्या रिक्षा होत्या. त्यातली एक दिवसभरासाठी ठरवली.

किल्ल्यात पोर गप्प गप्प सगळं बघत फिरली. हमामखान्यात भाऊंनी वर बोट केलं आणि ती मान वर करून किती तरी वेळ उभी राहिली. "आईनं हे बघितलं होतं?" तिनं विचारलं. "दरवर्षी," मी म्हटलं, "आणि दरवर्षी मान दुखते म्हणून कुरकुर करायची." ती हसली. प्रत्येक ठिकाणी तिचा हाच प्रश्न. "आई इथं बसली होती? इथून चढली होती?" मला काही आठवत होतं, काही आठवत नव्हतं. जे आठवत नव्हतं तेही मी सांगितलं. भाऊंचीच मुलगी मी. आई आमच्या मागं दहा पावलं चालत होती. त्या गावाचं पाणी तिनं घेतलं नाही, घरून आणलेलं प्यायली. डब्यातला घासही तिला उतरला नाही.

घाटावर बसलो. नदी हिवाळ्यात असते तशी संथ होती. भाऊंची नजर पलीकडच्या काठावर गेली आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "ती बेगम पाह्य पोरी, तिले आधी तिथी..." आणि ते थांबले. भाऊ इतके ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांगा ना आबा," पोर भाऊंना म्हणाली. "मला माहितीये ती बाळंतपणात गेली. पुढं काय झालं?"

भाऊंनी आईकडे पाहिलं. आई पाण्याकडे बघत होती. मग भाऊंनी गोष्ट पूर्ण केली, हळूहळू, काही न वाढवता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली असेल.

पोरीनं विचारलं, "आणि तिचं बाळ?"

 इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी ते विचारलंच नव्हतं.

"मला दवाखाना दाखवा," पोर उठत म्हणाली.

रिक्षा भाऊंनी सांगितली तशी वळत गेली. इतक्या वर्षांनीही त्यांना एकेक वळण पाठ होतं. एका अरुंद गल्लीत त्यांनी थांब म्हटलं. दवाखाना राहिला नव्हता. खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. बाजूनं वर जाणारा जिना होता, त्याला जाळीचं दार आणि दाराला कुलूप. जाळीबाहेर दोन-तीन पायऱ्या तेवढ्या मोकळ्या होत्या. पोर जाळी धरून वर बघत राहिली. बघण्यासारखं काही नव्हतं, अंधार होता.

आई रिक्षातून उतरली. मला वाटलं ती पोरीला ओढून आणेल. ती जाऊन पायरीवर बसली.

"वर डाव्या हाताची खोली," ती म्हणाली. "तीन खाटा व्हत्या."

पोर वळली. मी जवळ गेले. भाऊ रिक्षापाशीच थांबले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की आता जे येणार आहे ते त्यांना ठाऊक आहे.

"नर्स तुले घेऊन बाहेर आली," आई पोरीला म्हणाली. "म्हने, अम्मा लो, लड़की हुई है. मी हात पुढं केले. तेवढ्यात आतून दुसरी आली. तिच्या तोंडाकडं पाह्यलं अन् मले समजलं. मी हात मागं घेतले. मी तुले घेतलं नाही."

पोरीनं जाळी सोडली.

"म्हटलं, घेऊन जा हिले. माह्या पोरीले खाऊन आली, म्हटलं. असं बोलली मी. तू रडत व्हती, भुकेनं रडत व्हती, अन् मी भिताडाकडं तोंड करून बसली. मधाचं बोट नाही लावलं मी तुले. बाजूच्या खाटेवर एक बाई व्हती. तिचा नवरा कापडाच्या मागावर कामाले जाय. तिले आदल्या दिवशी पोरगा झालता. ती खाटेवरून उठली, तिले उठवतही नव्हतं, अन् तिनं तुले उचललं, छातीले लावलं. पह्यलं दूध तुले तिचं. मी पाहत बसली. परत येताना गाडीतही तुह्या आबानं घेतलं तुले. घरी बायांनी घेतलं. मी नाही. तीन दिवस मी तुले हात लावला नाही. लोकं म्हनत, पोरीच्या दुःखानं गाव सोडलं. गावानं काय केलं व्हतं? मले तोंड दाखवाची लाज वाटे इथी."

 चौदा वर्षं आम्ही सगळे त्या बोटाच्या गोष्टी सांगत होतो, हसत होतो, आणि ही बाई स्वयंपाकघरात भाकरी थापत ते ऐकत होती. गरम केलेले कपडे, उशाशी काढलेल्या रात्री, वाढदिवसाचे उपास, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. माझा इतक्या वर्षांचा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. मला तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, पण ती माझी पाळी नव्हती.

"त्या बाईचं नाव काय होतं?" पोरीनं विचारलं.

"नाही इचारलं. तिच्याकडं पाह्यलंही नाही नीट."

गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. दुकानदार बाहेर येऊन आमच्याकडे बघायला लागला. भाऊंनी त्याला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं. पोर आईसमोर उभी होती, आईपेक्षा वीतभर उंच, दोन वेण्या घातलेली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. अक्काचाही व्हायचा, रडू दाबताना.

"आजी, मग आता घे," ती म्हणाली.

आईनं वर पाहिलं. "काय?"

"मला घे. तेव्हा नाही घेतलंस ना? आता घे."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली, पातळ नीट केलं आणि दोन्ही हात पुढं केले.  पोर वळली आणि लहान मुलासारखी सरळ तिच्या मांडीत बसली. आईनं तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं, तिच्या पाठीवर तोंड दाबलं, आणि अक्का गेल्यापासून जे रडली नव्हती ते त्या गल्लीत, भर दुपारी, लोकांपुढं रडली.

बऱ्याच वेळानं पोर म्हणाली, "आजी, उठू का? तुझे पाय दुखतील."

"दुखू दे," आई म्हणाली.